संगणक-प्रवेशातील विलंब : नव्या कार्यप्रणालीनंतरच्या एका नित्याच्या अडचणीचा अभ्यास

छत्रपती संभाजीनगर शहरातून जालन्याकडे जाणाऱ्या मार्गावर चिकलठाणा लागते. विमानतळ आणि औद्योगिक वसाहत या दोन गोष्टींमुळे हे नाव मराठवाड्याबाहेरही सुपरिचित झाले आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्यानंतर तत्कालीन औरंगाबाद शहराच्या परिसरात रेल्वे स्थानकाजवळ, चिकलठाणा येथे आणि पुढे वाळूज येथे औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली. त्या काळात कारखान्याची सकाळ भोंग्याने आणि हजेरीपटाने सुरू होत असे. आज तीच सकाळ संगणकाच्या पडद्यावर परवलीचा शब्द उमटवून सुरू होते. भांडारातील मालाची नोंद, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, माल रवाना करण्यासाठी लागणारे ई-वे बिल, गुणवत्ता तपासणीचे अहवाल यांपैकी कोणतेही काम संगणकात प्रवेश मिळाल्याखेरीज पुढे सरकत नाही. मालमोटार फाटकाशी उभी आहे आणि भांडारपालाचा संगणक अद्याप उघडत नाही, ही अडचण म्हणूनच क्षुल्लक समजता येणार नाही.

विंडोज १० या कार्यप्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. त्यामुळे असंख्य कार्यालयांना आणि लहान उद्योगांना विंडोज ११ कडे वळावे लागले. अशा प्रत्येक स्थित्यंतरानंतर एक तक्रार हमखास ऐकू येते : पूर्वी अर्ध्या मिनिटात उघडणारा संगणक आता तीन-तीन मिनिटे घेतो. ही तक्रार खरी असते. परंतु तिचे निदान बहुधा घाईने केले जाते. कोणी नव्या प्रणालीला दोष देतो, कोणी संगणकच मोडीत काढावा असे सुचवितो. वास्तविक विलंबाची कारणे अनेक असतात आणि त्यांतील प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. म्हणून प्रवेशाच्या वेळी संगणकात नेमके काय घडते, हे प्रथम समजून घेणे इष्ट ठरेल.

प्रवेशाचे चार टप्पे

परवलीचा शब्द टंकित करून कळ दाबल्यानंतर संगणक चार कामे ओळीने करतो. पहिले काम ओळख पटविण्याचे. संगणकात परवलीचा शब्द जसाच्या तसा ठेवलेला नसतो. त्यावर गणिती प्रक्रिया करून तयार केलेली खूण तेवढी जतन केलेली असते. टंकित केलेल्या शब्दावर तीच प्रक्रिया करून दोन्ही खुणा जुळतात किंवा कसे, हे पाहिले जाते. संगणक कार्यालयीन जाळ्याशी जोडलेला असल्यास ही पडताळणी मध्यवर्ती सर्व्हरकडून करून घेतली जाते.

दुसरे काम नियम लागू करण्याचे. कोणास कोणती कागदपत्रे पाहता येतील, कोणता मुद्रक वापरता येईल, बाह्य साठवण जोडता येईल की नाही, हे नियम सर्व्हरकडून येतात. तिसरे काम म्हणजे त्या व्यक्तीची वैयक्तिक मांडणी उभी करणे. पडद्यावरील चिन्हे, मराठी कळफलकाची निवड, कार्यक्रमांच्या सवयी हे सारे तबकडीवरून वाचून स्मृतीत आणावे लागते. चौथे काम सोबतचे कार्यक्रम सुरू करण्याचे. विषाणुप्रतिबंधक, संदेशवाहक, मुद्रकाचा साहाय्यक, हिशेबाच्या कार्यक्रमाचा पहारेकरी असे अनेक कार्यक्रम प्रवेशाबरोबरच जागे होतात.

वापरणाऱ्याला ही चारही कामे मिळून एकच प्रतीक्षा वाटते. निदान करणाऱ्याने मात्र ती वेगवेगळी ओळखली पाहिजेत.

पहिला दिवस आणि नंतरचे दिवस

नव्या घरात राहावयास गेल्यावर पहिल्या दिवशी स्वयंपाकास वेळ लागतो. कारण डबे अद्याप फळीवर लागलेले नसतात. कार्यप्रणालीचेही असेच आहे. प्रणाली बदलल्यानंतरच्या पहिल्या प्रवेशाच्या वेळी प्रत्येक वापरकर्त्याची जुनी मांडणी नव्या रचनेत बसवावी लागते आणि प्रणालीसोबत येणारे कार्यक्रम त्याच्या नावे नोंदवावे लागतात. एकाच संगणकावर तीन पाळ्यांतील तीन कर्मचारी काम करीत असतील, तर हा पहिल्या प्रवेशाचा विलंब तिघांनाही स्वतंत्रपणे सोसावा लागतो.

यानंतरचे काही दिवस पडद्याआड आणखी कामे चालू असतात. शोध सुलभ व्हावा म्हणून सर्व फायलींची सूची नव्याने तयार होते. विषाणुप्रतिबंधक कार्यक्रम सारी साठवण पुन्हा तपासतो. उपकरणांच्या चालक-प्रणालींच्या सुधारित आवृत्त्या उतरवून घेतल्या जातात. काही अडचण आल्यास मागे फिरता यावे म्हणून जुनी प्रणालीही साधारणतः दहा दिवस तबकडीवर राखून ठेवली जाते आणि तेवढी जागा अडून राहते. म्हणून प्रणाली बदलल्यानंतर पहिल्या आठवड्यातील संथपणावरून निष्कर्ष काढू नये. या काळात संगणक एक-दोन रात्री चालू ठेवून त्यास ही कामे पुरी करू द्यावीत. त्यानंतरही विलंब कायम राहिला, तरच तो खऱ्या अर्थाने तक्रारीचा विषय होतो.

फिरत्या तबकडीचे गणित

जुन्या संगणकांतील विलंबाचे सर्वांत मोठे कारण फिरती हार्ड डिस्क हे असते. याचे गणित साधे आहे. सर्वसाधारण हार्ड डिस्क मिनिटास ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदास १२० फेरे घेते. एका फेऱ्यास सुमारे ८.३ सहस्रांश सेकंद लागतात. हवा असलेला मजकूर वाचक-टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ सहस्रांश सेकंद थांबावे लागते. टोक योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी सुमारे ९ सहस्रांश सेकंद लागतात. विखुरलेल्या मजकुराच्या एका वाचनास अशा रीतीने सुमारे १३ सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजेच अशी तबकडी सेकंदास सुमारे ७५ वाचने करू शकते.

समजा, जुन्या प्रणालीत प्रवेशासाठी अशी ३,००० वाचने लागत होती. त्यास ४० सेकंद पुरत. नव्या प्रणालीत सेवा वाढल्या, सुरक्षेच्या तपासण्या वाढल्या आणि वाचने ६,००० झाली, तर प्रतीक्षा ८० सेकंदांची होईल. आता याच जागी फिरता भाग नसलेली एसएसडी बसविली आणि तिचे एक वाचन एक दशांश सहस्रांश सेकंदात होते असे धरले, तर ३,००० वाचनांस ०.३ सेकंद आणि ६,००० वाचनांस ०.६ सेकंद पुरतात. काम दुप्पट झाले तरी माणसाला ते जाणवतदेखील नाही. प्रत्यक्षात इतर कामांचा वेळ यात मिळवावा लागतो; परंतु एकच प्रणाली शेजारच्या टेबलावर चपळ आणि आपल्या टेबलावर संथ का भासते, याचा उलगडा या हिशेबातून होतो.

स्मृतीची, म्हणजे रॅमची स्थिती अशीच आहे. विंडोज ११ साठी किमान ४ गीगाबाइट रॅम आणि ६४ गीगाबाइट साठवण आवश्यक मानली आहे. किमान याचा अर्थ मात्र पुरेसे असा होत नाही. स्मृती अपुरी पडली की संगणक तिच्यातील मजकूर तबकडीवर नेऊन ठेवतो आणि पुन्हा आणतो. मग आधीच मंद असलेल्या तबकडीवर दुहेरी भार पडतो.

जाळ्यातील वाट

तबकडी नवी आणि स्मृती भरपूर असूनही प्रवेशास दोन मिनिटे लागत असतील, तर दोष बहुधा संगणकाबाहेर असतो. संगणकास आपल्या कार्यालयाचा सर्व्हर कोठे आहे, हे नामसूचीच्या सेवेला, म्हणजे डीएनएसला, विचारावे लागते. प्रणाली बदलताना जाळ्याच्या जोडणीची मांडणी बदलून ही विचारणा कार्यालयीन सर्व्हरऐवजी बाहेरच्या इंटरनेट सेवेकडे जाऊ लागली, तर बाहेरच्या सेवेला अंतर्गत सर्व्हरचे नाव ठाऊक नसते. संगणक विचारतो, थांबतो, पुन्हा विचारतो. काम काहीच होत नाही. केवळ वाट पाहण्यात वेळ जातो.

दुसरे कारण घड्याळाचे. मध्यवर्ती पडताळणीसाठी विंडोजच्या जाळ्यात कर्बेरॉस ही पद्धती वापरली जाते. ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत विकसित झाली. या पद्धतीत सर्व्हर वापरकर्त्यास मर्यादित मुदतीचा परवाना देतो आणि त्यावर वेळेची नोंद असते. सर्व्हर व संगणक यांच्या घड्याळांत सर्वसाधारणपणे पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक चालत नाही. जुन्या संगणकातील नाण्याएवढी विद्युत्घटिका क्षीण झाली असेल, तर वीज गेल्यानंतर त्याचे घड्याळ भलतीच वेळ दाखविते. मग परवाना फेटाळला जाऊन विनंती पुन्हा करावी लागते किंवा प्रवेशच नाकारला जातो. अत्यल्प किमतीची घटिका बदलणे हा येथे पुरेसा उपाय ठरतो.

तिसरे कारण जुन्या वाटांचे. कधीकाळी जोडलेले, परंतु आता अस्तित्वात नसलेले सामायिक फोल्डर आणि मुद्रक वापरकर्त्याच्या मांडणीत तसेच राहिलेले असतात. प्रवेशाच्या वेळी संगणक त्यांचा शोध घेतो आणि उत्तर न आल्याने थांबून राहतो. यातच आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. फायली सामायिक करण्याची एसएमबी या नावाची जी पद्धत आहे, तिची पहिली आवृत्ती सुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक ठरली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून, नव्याने बसविलेल्या प्रणालीत ती मूलतः बंद ठेवण्यात येऊ लागली. कारखान्यात जुन्या साठवण-यंत्रास किंवा जुन्या यंत्राच्या नियंत्रकास ही एकच भाषा येत असेल, तर नवा संगणक त्याच्याशी बोलू शकत नाही. वरवर हा दोष वाटतो. वस्तुतः तो एक बंद केलेला दरवाजा आहे.

हेतुपुरस्सर ठेवलेला विलंब

विलंबाचा एक अंश मात्र असा आहे की, तो असणे हेच हिताचे होय. याचा इतिहास उद्‌बोधक आहे. युनिक्स या कार्यप्रणालीच्या जडणघडणीशी निगडित असलेले रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी १९७९ मध्ये परवलीच्या शब्दांच्या सुरक्षेवर एक निबंध प्रसिद्ध केला. आरंभी युनिक्समध्ये परवलीच्या शब्दाची खूण तयार करण्यासाठी एम-२०९ या सांकेतिक लेखनयंत्राच्या कार्यपद्धतीवर आधारलेली प्रक्रिया वापरीत असत. ती उत्तम चालत होती. परंतु तिचा एक दोष लक्षात आला, आणि तो म्हणजे तिची गती. वापरकर्त्यास जी गती सोयीची, तीच चोरट्यासही सोयीची ठरली. तो अल्पावधीत हजारो शब्द चालवून पाहू शकत होता.

या संशोधकांनी ३,२८९ परवलीचे शब्द तपासले. त्यांपैकी २,८३१, म्हणजे सुमारे ८६ टक्के शब्द अतिशय आखूड तरी होते किंवा शब्दकोशात व नावांच्या याद्यांत सापडणारे तरी होते. म्हणून नव्या आवृत्तीत खूण तयार करण्याची प्रक्रिया जाणूनबुजून संथ करण्यात आली. सांकेतिक प्रक्रियेची २५ आवर्तने तीत योजण्यात आली. शिवाय प्रत्येक शब्दात १२ अंकस्थानांची एक यादृच्छिक भर घालण्यात आली. त्यामुळे एकाच शब्दाच्या ४,०९६ निरनिराळ्या खुणा संभवू लागल्या. प्रामाणिक वापरकर्त्यास दिवसातून एकदा-दोनदा क्षणभर थांबावे लागते. चोरट्यास मात्र तोच क्षण लक्षावधी वेळा मोजावा लागतो. हेच तत्त्व आजच्या प्रणालींतही पाळले जाते. संगणक जसजसे वेगवान होतात, तसतशी आवर्तने वाढविली जातात. लिनक्सवर आधारित अनेक प्रणालींत चुकीचा शब्द दिल्यास सुमारे दोन सेकंद थांबविले जाते, तेही याच हेतूने.

अर्थात हा हेतुपुरस्सर विलंब सेकंदाच्या अंशांत किंवा फार तर एक-दोन सेकंदांत मोजण्यासारखा असतो. तीन मिनिटांच्या प्रतीक्षेचे खापर सुरक्षेवर फोडता येत नाही, हेही येथेच स्पष्ट केले पाहिजे.

निदानाची रीत

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. संगणकाच्या बाबतीतही मोजमापाआधी खर्च करू नये. त्यासाठी साधे घड्याळ पुरेसे आहे. तीन कालावधी टिपावेत : कळ दाबल्यापासून परवलीच्या शब्दाचा पडदा येईपर्यंतचा, परवलीचा शब्द दिल्यापासून नेहमीची चिन्हे दिसेपर्यंतचा आणि चिन्हे दिसल्यापासून पहिली फाइल प्रत्यक्ष उघडेपर्यंतचा. अशी नोंद तीन दिवस करावी. ही नोंद करताना प्रत्येक वेळी संगणक एकाच पद्धतीने सुरू करावा. विंडोज ८ पासून आलेल्या जलद-आरंभ सोयीमुळे बंद करून सुरू केलेला संगणक आणि ‘पुन्हा सुरू करा’ ही आज्ञा दिलेला संगणक यांस लागणारा वेळ सारखा नसतो.

उदाहरणादाखल, एका भांडारातील संगणकाची नोंद ३५, २५ आणि ११० सेकंद अशी आहे, असे समजू. एकूण प्रतीक्षा १७० सेकंदांची. परंतु त्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश भाग तिसऱ्या टप्प्यात आहे. म्हणजे ओळख पटविण्यात किंवा जाळ्यात दोष नसून सोबत सुरू होणाऱ्या कार्यक्रमांचा किंवा तबकडीचा भार अधिक आहे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. तबकडी शंभर टक्के गुंतलेली दिसते काय आणि आरंभाच्या यादीत कोणते कार्यक्रम आहेत, हे तेथे पाहता येते. याउलट नोंद ३५, ११० आणि २५ अशी असती, तर संशय जाळ्याकडे, नियमांकडे किंवा बिघडलेल्या वैयक्तिक मांडणीकडे वळला असता.

अशा वेळी एक साधी कसोटी उपयोगी पडते. ज्या वापरकर्त्याने त्या संगणकावर पूर्वी प्रवेश केला आहे, त्याने जाळ्याची तार काढून पुन्हा प्रवेश करून पाहावा. पूर्वीच्या प्रवेशांच्या खुणा संगणकात मर्यादित संख्येने राखलेल्या असल्याने बहुधा प्रवेश मिळतो. तो झटकन मिळाला, तर दोष जाळ्याच्या वाटेवर आहे असे समजावे. त्याच संगणकावर दुसऱ्या व्यक्तीचा प्रवेश जलद होत असेल, तर दोष पहिल्या व्यक्तीच्या मांडणीत आहे. विंडोजच्या घटना-नोंदीतही कार्यक्षमतेच्या निदानाखाली संगणक सुरू होण्यास लागलेला वेळ घटना क्रमांक १०० या नावे नोंदलेला असतो. लिनक्सच्या अनेक प्रणालींत सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ही आज्ञा प्रत्येक सेवेस लागलेला आरंभकाळ दाखविते.

उपायांचा क्रम

उपाय स्वस्ताकडून महागाकडे जाणारे असावेत. प्रथम अनावश्यक कार्यक्रमांचा आरंभ बंद करावा. दोन विषाणुप्रतिबंधक एकत्र नांदत असतील, तर एकच ठेवावा. मात्र एकही नाही अशी अवस्था होऊ देऊ नये. नाहीशा झालेल्या मुद्रकांच्या व फोल्डरांच्या जोडण्या काढून टाकाव्यात. घड्याळ व डीएनएसची मांडणी तपासावी. उपकरणांच्या चालक-प्रणाली त्या संगणकाच्या उत्पादकाकडूनच घ्याव्यात. साठवणीत पुरेशी मोकळी जागा राखावी. यानंतरही तबकडीचाच भार दिसला, तर सर्व माहितीची प्रत काढून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी आणि आवश्यक तर रॅम वाढवावी. संपूर्ण संगणक बदलणे हा शेवटचा उपाय होय.

या खटाटोपाचे मोल किती, हे साध्या गुणाकाराने कळते. एखाद्या कारखान्यात ४० कर्मचारी संगणकावर काम करतात आणि प्रत्येकाची रोज दोन मिनिटे वाया जातात, असे धरू. वर्षातील २५० कामाच्या दिवसांत ही २०,००० मिनिटे, म्हणजे सुमारे ३३३ तास होतात. आठ तासांच्या हिशेबाने एका माणसाचे सुमारे ४२ दिवस केवळ पडद्याकडे पाहण्यात खर्ची पडतात.

जुनीच प्रणाली बरी काय?

संथ प्रवेशास कंटाळून जुन्या प्रणालीकडे परतावे किंवा सुधारणा बंद कराव्यात, असा मोह अनेकांना होतो. त्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक वेठीस धरले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. पुढे जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या विषाणूने अनेक देशांतील व्यवहार विस्कळीत केले. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाजही त्यामुळे बाधित झाले. नॉटपेट्याने पसरण्यासाठी चोरलेल्या प्रवेश-खुणांबरोबरच, दुरुस्ती न केलेल्या संगणकांतील तीच त्रुटी वापरली होती. बंदरात अडकलेला माल राज्याच्या अंतर्भागातील कारखान्यांचा असू शकतो. चिकलठाण्याच्या भांडारातील संगणक आणि न्हावा शेव्याची गोदी यांचे नाते ते हेच.

तेव्हा सुरक्षा आणि गती यांपैकी एकीची निवड करावी लागते, ही समजूत बरोबर नाही. सुरक्षेसाठी लागणारा विलंब अल्प असतो. उरलेला बहुतांश विलंब जुनी तबकडी, चुकलेली मांडणी आणि साचलेला पसारा यांचा असतो. पहिला सोसावा आणि दुसरा शोधून दूर करावा. कारखान्यातील यंत्राची वार्षिक देखभाल ज्या शिस्तीने केली जाते, त्याच शिस्तीने संगणकाच्या आरंभकाळाची नोंद ठेवली आणि प्रणाली बदलण्यापूर्वी व बदलल्यानंतर ती ताडून पाहिली, तर दोष कोठे आहे हे तर्काने नव्हे, तर आकड्यांनी सांगता येईल. लहान उद्योगाच्या कार्यालयात एक वही आणि एक घड्याळ यांच्या साहाय्याने हे काम कोणाही कर्मचाऱ्यास करता येण्यासारखे आहे.